टाके निघेपर्यंत

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्याला करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. धक्का बसता कामा नये. दवाखान्यातून सोडल्यावर टाके निघेपर्यंत रोज पट्टी बदलायला यायचं, पण बसने नाही, टांग्याने नाही, रिक्षाने तर मुळीच नाही. पायी, सपाटीवरून, सावकाश. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, खोकला आला तर दाबायचा. आणि रडायचं नाही. "रडल्या, ताण पडला, टाका सुटला, तर हा डोळा गेला समजा," ते म्हणाले. दुसरा डोळा आधीच कामातून गेला होता. म्हणजे या एका डोळ्यावर आईचं सगळं उरलेलं आयुष्य होतं.

सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. मी खालापूरला शाळेत शिकवत होते. घर पोशीरच्या अलीकडे, वडील भाताच्या खाचरात आणि आई घरात, भिंतीला हात लावून वावरत. मुंबई जवळ होती, पण आमच्या गावातल्या एकीचा डोळा मुंबईला जाऊन गेला होता, त्यामुळे आईने मुंबईच्या नावाने कानाला खडा लावला होता. राहिलं पुणं.

आता पुण्यात राहायचं कुठे? आमचे एक लांबचे नातलग स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत राहत. सगळी आपलीच माणसं, उतरायला कुणाची भीती नाही. पण तिथून दवाखान्याला दोन बस बदलाव्या लागायच्या, म्हणजे तो विषय संपला. दवाखान्याजवळ एक लॉजिंग होतं, त्याला उभा जिना आणि जिन्यात विड्या ओढत बसलेले पुरुष. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी एका पेठेचं नाव सांगितलं. "तिथे राहा बाई, सगळं पायाखाली आहे. दूध, भाजी, औषध. दवाखाना तर हाकेवर." गुरुजी भले होते, पण त्यांना त्या पेठेत राहायला अडचण येण्याचं काही कारण नव्हतं, आणि ज्याला अडचण येत नाही त्याचा सल्ला मी आजही अर्धाच ऐकते.

तरी एका रविवारी मी एकटी पुण्याला गेले आणि दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. माझी पद्धत सोपी होती. फाटकापासून एकेका दिशेला आईच्या चालीने चालायचं. आईची चाल म्हणजे पूर्वीची नव्हे. पूर्वी ती आमच्या कर्जतकडच्या कोंडाण्याच्या रानातून डोक्यावर मोळी घेऊन उतरायची आणि वाटेत कुणाशी भांडण झालं तर तेही न थांबता करायची. आता ती पाय टाकण्याआधी अंगठ्याने जमीन चाचपायची. मी तशी चालले. पहिल्या रस्त्याला चढ निघाला. दुसरा गटारासाठी उकरून ठेवला होता आणि कधी बुजवणार ते त्या उकरणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. तिसरा मात्र नेमका हवा तसा. फूटपाथ धड, मध्येमध्ये बसायला घरांचे ओटे, एक कडुनिंब, कोपऱ्यावर दुधाचं दुकान. सायकली होत्या, पण घंटी वाजवून जायच्या.

इतक्या सावकाश चालणारी बाई लोकांना आवडत नाही. एका खिडकीतून मला "कोण पाहिजे?" असं विचारलं गेलं. पुढच्या ओट्यावर पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी पेपर खाली केला आणि मी वळणावरून नाहीशी होईपर्यंत तो तसाच ठेवला. मीही त्यांच्यावर डोळा ठेवूनच होते. दारांवरच्या पाट्या वाचत होते आणि एकेक पाटी वाचून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. ज्या रस्त्यावर आईला चालायला सोपं, तिथे आमचं चालणं चालेल का, हा प्रश्न गुरुजींना सुचला नव्हता. मला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

एका दारावर खडूने लिहिलं होतं, खोली भाड्याने. घरमालकीण पन्नाशीच्या, विधवा. दवाखान्यात येणाऱ्या लोकांना तळमजल्यावरची एक खोली देत. त्यांनी मला ओट्यावर बसवलं.

"कुठून आलात?"

"कर्जतकडून."

"कर्जत म्हणजे गावातच?"

"नाही, पोशीरजवळ. मी खालापूरला शिक्षिका आहे."

त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. आमचं आडनाव मराठ्यांतही आहे, त्यामुळे त्याने कुणाचं समाधान होत नाही. पुढचा प्रश्न येणार म्हणून मी पाठ ताठ करून बसले. तो प्रश्न कसा येतो ते मला पाठ होतं. "म्हणजे तुमच्यात..." असं म्हणून समोरचा थांबतो आणि आपण वाक्य पूर्ण करायचं असतं. पण त्या बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "कधी येताय?"

मी परतीच्या गाडीत बसले ती आनंदाने नव्हे. विचारलं कसं नाही? विचारणारा माणूस परवडतो, तो कुठे उभा आहे ते कळतं. न विचारणाऱ्याच्या मनात काय शिजतंय ते कळायला मार्ग नसतो. गाडी घाट उतरू लागली, ठाकुरवाडीला थांबली, आणि तिथून कर्जत येईपर्यंत मी तेच उगाळत होते. या बाईंना नंतर कळलं आणि टाके असतानाच त्यांनी आम्हाला बाहेर काढलं तर? डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईला घेऊन मी कुठल्या बसमध्ये चढणार होते?

घरी आईने माझी उलटतपासणी घेतली. संशय हा आमच्या घरचा जोडधंदा, आणि त्यात आईचा हात कुणी धरला नसता.

"कुठं बसवलं तुला? आत का भायेर?"

"ओट्यावर."

"पानी दिलं?"

"मी मागितलं नाही."

"मंग काय बगून आलीस गं तू? पानी मागायचं आन् कसं देत्यात ते बगायचं. तुला मास्तरीण कुनी केली?"

मी चिडून म्हणाले की रस्ता सपाट आहे, दवाखाना जवळ आहे, वाड्यातली तळमजल्याची खोली आहे, जिना नाही, याहून जास्त मला बघता आलं नाही.

"वाडा हाय?" आई म्हणाली.

"हो. वाड्यातच आहे खोली."

"आसं आदी सांगावं का नाय." तिचा चेहरा एकदम निवळला. "मंग चला. मंग काय भ्यायचं?"

मला वाटलं, जिना नाही हे तिला पटलं. ती इतक्या सहज कधी काही कबूल करत नसे, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी सगळी शंका त्या घरमालकिणीसाठी राखून ठेवली होती.

आम्ही पुण्याला गेलो. कर्जतला गाडीला मागून घाटाचं इंजिन लागतं तेव्हा जो दणका बसतो तो आम्हा कर्जतकरांना पाळण्यापासून माहीत. आईने तो बसण्याआधीच बाकाची कड धरली आणि समोरच्या परगावच्या बाईला म्हणाली, "धरा, आता देईल धक्का." ऑपरेशन झालं. काही दिवस दवाखान्यात निजवून ठेवलं, मग दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधूनच तिला सोडलं, आणि मी तिचा हात धरून त्या फूटपाथवरून तिला खोलीवर आणलं. रस्ता मी निवडला तसाच निघाला. दोनदा ती ओट्यावर टेकली, कुणी हटकलं नाही. पेपरवाले गृहस्थ तिच्या पट्टीकडे बघून चक्क उठून बाजूला झाले. त्यांचाही मला संशयच आला.

घरमालकीण सकाळी आम्हाला चहा देत. आमच्या दाराशी ठेवून जात. एका कपाचा कान तुटलेला होता आणि तोच कप रोज यायचा. मी तो कप उलटासुलटा करून बघितला. हा आमच्यासाठी बाजूला ठेवलेला, की यांच्या घरातले सगळेच कप असे? स्वयंपाकघराचं दार माझ्या येण्याच्या वेळी नेहमी लोटलेलं असे. आईने कप चाचपला, कानाची जागा बोटाने तपासली आणि म्हणाली, "बिचारी. आपल्यावानीच गरीबाचं घर दिसतं." मला तिच्या भोळेपणाचा राग आला, कारण भोळेपणा हा तिचा स्वभावच नव्हता.

ती त्या घरात अशी काही सैलावली की मी बघत राहिले. पट्टी बदलून आलो की ती ओट्यावर बसे, आणि आतलं काम उरकून घरमालकीण उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसत. मधे उंबरा. त्या अंतराकडे आईचं लक्ष नव्हतं, कसं असणार, पण माझं होतं. दोघी बोलत. सुना, दुखणी, तांदूळ. आई त्यांना पोशीरच्या तांदळाबद्दल सांगे, त्या पुण्याच्या पाण्याबद्दल. एकदा मी आईला विचारलं, "तुला त्यांची भीती नाही वाटत?"

"कशापायी? शिकलेली हाय, जराशी तुज्यावानी बोलती, पन मानूस चांगलं हाय."

उलगडा झाला तो असा. मी कोपऱ्यावरून दूध घेऊन येत होते. आतमध्ये देवाची घंटी वाजली आणि थोड्या वेळाने घरमालकीण हात पुसत बाहेर आल्या. मी दारापाशी पोचते तोच आईचा आवाज ऐकू आला, समजूत घालतात तसा.

"बाई, एक बोलू का? राग मानू नका. आपुन देव सोडून इतकी वर्सं झाली. मी आमचं देवाचं टाक सोताच्या हातानं नदीत सोडलं. तुमी आजून घंटी वाजवता?"

मी दूध घेऊन दारातच थांबले. आणि त्याच क्षणी मला कळलं की मी घरी काय सांगून बसले होते. आमच्या कर्जतकडे वाडी म्हटली की ती ठाकरांची नाहीतर कातकऱ्यांची, डोंगराच्या पायथ्याशी. आणि वाडा म्हटला की तो आमचा, गावाच्या एका अंगाला. पूर्वी त्याच्याआधी जातीचं नाव लावत, आम्ही बौद्ध झाल्यावर तो शब्द बदलला, पण घरात आम्ही नुसतं वाडाच म्हणायचो. "कुठं चाललास रं?" "वाड्यावर." माझ्या आईच्या लेखी जगात दुसरा वाडा नव्हता. पुणेकर ज्याला वाडा म्हणतात तो चौकाचा, माडीचा, ती कधी ऐकूनसुद्धा नव्हती. वाड्यातली खोली म्हणजे आपल्या माणसांतली खोली. म्हणून ती आली होती. म्हणून ती निवांत होती.

घरमालकीण उभ्याच होत्या. त्यांनी आईच्या पट्टीकडे बघितलं, मग दारातल्या माझ्याकडे. माझ्या डोक्यात सामान बांधायला सुरुवातही झाली होती.

"सवय आहे हो," त्या आईला म्हणाल्या. "सुटत नाही."

"सुटती. पयल्यांदा जड जातं," आई म्हणाली. "मीबी चोरून हात जोडायची."

"हो का," म्हणून त्या आत गेल्या.

दुपारी आई झोपल्यावर मी त्यांच्याकडे गेले. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. म्हटलं, "आईचा गैरसमज झाला आहे. आम्ही बौद्ध आहोत. तुम्हाला हे आज कळलं असेल तर..."

"आज नाही कळलं," त्या म्हणाल्या. त्या गहू निवडत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. "तुम्ही आडनाव सांगितलंत आणि पाठ ताठ करून बसलात, तेव्हाच कळलं. आमच्यातली माणसं अशी बसत नाहीत."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. माडीवरचे भाडेकरू आहेत, दीर आहेत. म्हणून विचारलं नाही."

हे उत्तर चांगुलपणाचं की भित्रेपणाचं, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही आणि नंतरही कितीदा घोळवलं तरी ते कुठल्याच बाजूला पडलं नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "त्यांचे टाके निघेपर्यंत त्यांना काही सांगू नका. त्या रडल्या तर डोळा जाईल. टाके निघाले की मात्र खोली लागेल मला."

टाके निघेपर्यंत. मी खोलीवर आले आणि त्या दोन शब्दांचा कीस काढत बसले. म्हणजे टाक्यांपुरती माणुसकी? का टाके हे नुसतं निमित्त, आणि एरवी त्यांनी आजच काढलं असतं? पण एक गोष्ट खरी होती. आईला सांगणं माझ्याही हातात नव्हतं. आपण ज्यांच्याशी इतक्या मोकळेपणाने बोललो, देवाधर्माचं सांगून बसलो, ते आपले नव्हतेच, हे कळल्यावर ती किती पेटली असती आणि मग किती रडली असती, मला ठाऊक होतं. म्हणून मी गप्प बसले आणि पहारा करत राहिले. घरमालकीण जवळ आल्या की माझे कान टवकारायचे. त्यांच्या तोंडून एखादा शब्द निसटला तर? माडीवरच्या बायका चौकात बोलू लागल्या की मी आईला मुद्दाम काहीतरी विचारायची. एकदा वरून कुणीतरी "खाली कोण आलंय म्हणे" असं म्हणालं आणि मी स्टोव्हला पंप मारू लागले, आवाजासाठी.

त्या दोघींचं मात्र चालूच होतं. उलट वाढलं. आता आई त्यांना आपल्यातल्या गोष्टी सांगायची. धर्म बदलला त्या वर्षी गावाने आमचं पाणी कसं तोडलं, मग आमच्या लोकांनी विहीर कशी खणली. घरमालकीण ऐकत. मधे काही विचारतसुद्धा. एकदा त्या म्हणाल्या, "मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं." आई हसली, "तुमी शेरात लवकर आला आसाल." त्यांनी हो म्हटलं. मी खोलीत बसून ऐकत होते आणि माझ्या मनात आलं, ही बाई चोरून ऐकतेय का ऐकून घेतेय? त्या संशयाने माझं जेवण गोड लागत नव्हतं, आणि तरी खरं सांगते, कधीकधी मला त्यांचा हेवा वाटायचा. आई माझ्याशी कधी इतकं बोलली नव्हती.

टाके निघाले. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, बोटं मोजायला लावली, आईने बरोबर सांगितली. आता गाडीने घरी जायला हरकत नाही म्हणाले. त्या सकाळी त्या फूटपाथवरून आई पहिल्यांदा बघत चालली. माझा हात तिने सोडला नाही, पण टेकू घेतला नाही. कडुनिंबापाशी थांबून तिने पानं बघितली. समोरून जाणाऱ्या बाईची साडी हिरवी की निळी हे मला विचारलं. मी तिला घरी पोचायच्या आत सगळं सांगणार होते. वाक्यही जुळवलं होतं. पण ती इतकी खूश होती की मी ते एकेका ओट्यावर पुढे ढकलत गेले, आणि वाडा आला.

ती दारातच थांबली. चौक बघितला. तुळशीवृंदावन बघितलं. उंचावरच्या काठीवर कुणाचा हात लागू नये म्हणून वाळत घातलेलं सोवळं बघितलं. मग मान वर करून माडी, माडीचे लाकडी खांब आणि कठड्याशी तांदूळ निवडत बसलेल्या दोन बायका. तिला काही सांगायची गरज राहिली नाही. तिचा हात माझ्या हातात घट्ट झाला आणि मग सुटला.

घरमालकीण बाहेर आल्या होत्या. त्या खरंच आनंदल्या होत्या, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. "निघाले का टाके? दिसतंय ना नीट?"

"दिसतं," आई म्हणाली. "तुमी आमच्या वाड्यातल्या नाय."

त्या उंबऱ्याकडे सरकल्या.

"तुमी मला फसवलं का नाय, ते मी इचारत नाय. मी आंदळी व्हते तवा तुमी रोज माज्याशी बोललात. आता मला दिसतं. आता बोला."

आई मोठ्याने बोलत नव्हती, पण माडीवरच्या सुपांचा आवाज थांबला. घरमालकिणींनी तोंड उघडलं. काहीतरी येत होतं त्यांच्या ओठावर, आईसाठीचं, मला तसं वाटलं. मग त्यांची नजर एकदा वर गेली, कठड्याकडे, आणि खाली आली.

"दमला असाल," त्या म्हणाल्या. "आराम करा आता." आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

मी आईकडे बघितलं. टाके निघाले असले तरी रडायचं नाही हे डॉक्टरांनी आजही सांगितलं होतं. पण ती रडत नव्हती. ती ओट्यावर बसली, रोजच्या जागी, आणि त्या लोटलेल्या दाराकडे चष्म्यातून बघत राहिली.

"वर बगितलं तिनं," ती म्हणाली.

"आये, एवढ्याशा गोष्टी तुला कुठल्या दिसायला," मी म्हणाले.

"दिसलं गं. डाक्तरनं काम बेस केलंय."